यशवंताची झील

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनी जरा पुढं सरका, म्हणजे मागून येणाऱ्यांना सतरंजी मिळेल. आज देवादिकांचं आख्यान लावणार नाही. तुमच्याआमच्यासारख्या दमल्याभागल्या माणसांची एक गोष्ट सांगतो. घडायची आहे अजून, पण फार लांबची नाही. आज दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या पोरींच्या केसांत पांढरं दिसायला लागेल, तेव्हाची. लक्ष देऊन ऐकाल तर तुमच्या उपयोगी पडेल.

सोमवारी दुपारी चार वाजता मंजिरी गुरव मिरजेतल्या एका दवाखान्याच्या वाचा विभागातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या पायांना सरळ घरी जायचं होतं. सकाळपासून अकरा जणांचे गळे पाहून झाले होते. ज्यांचा आवाज गेला त्यांना तो यंत्रानं परत द्यायचा, हे तिचं काम. काम पुण्याचं, पण पुण्याच्या कामानंही कंबर दुखतेच. तरी ती घरी गेली नाही. लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने चढून विश्वनाथबुवा सोहनींच्या दारात उभी राहिली, आणि पिशवी खाली ठेवून दम खाल्ला.

दार उघडंच होतं.

"आलीस का मंजे? आज फार उशीर..." आतून बुवांचा आवाज आला आणि तिथंच थांबला.

बुवा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. त्यांनी खडू उचलला, पाटीवर एक शब्द लिहिला आणि तिच्याकडे वळवली. 'झाला.'

"हो, झाला खरा," मंजिरी म्हणाली. "चहा घेतलात?"

"दुधाला विरजण..." पाटी. 'लागलं.'

"म्हणजे नासलं! मग मी करते कोरा."

तीन महिने हे असं चाललं होतं. बुवांचं प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दाशी येऊन कडेलोट झाल्यासारखं संपायचं आणि उरलेलं पाटीवर यायचं. ऐकणाऱ्याला तो शब्द बहुतेकदा कळायचा. पण कुणी आपणहून तो बोलून टाकला, की बुवा पाटी उलटी ठेवायचे आणि घटकाभर बोलायचेच नाहीत. चाळीस वर्षं कीर्तनात नारदाच्या गादीवर उभं राहून ज्यानं हजारो माणसं हलवली, त्याच्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा, हे त्यांना सहन होत नव्हतं.

आता ते यंत्र काय होतं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी कर्करोगानं बुवांचं स्वरयंत्र काढावं लागलं. पण स्वरयंत्र गेलं म्हणून बोलायची इच्छा जात नाही. आपण बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून गळ्याच्या, जिभेच्या, जबड्याच्या स्नायूंना निरोप निघतो. तो निरोप म्हणजे विजेची अगदी बारीक थरथर. बाहेर आवाज येवो न येवो, थरथर होते. त्या वेळी निघालेली कंठपट्टी गळ्याभोवती बांधायची, मऊ, दोन बोटं रुंद. ती थरथर टिपायची आणि कमरेला अडकवलेल्या डबीकडे पाठवायची. डबी म्हणजे एक छोटा मोबाइलच. तिच्यातलं अ‍ॅप थरथरीवरून शब्द ओळखायचं आणि माणसाच्या स्वतःच्या जुन्या आवाजात बोलून दाखवायचं. त्यासाठी त्या माणसाची जुनी ध्वनिमुद्रणं अ‍ॅपला ऐकवावी लागत. त्यातून ते आवाज तर शिकायचंच, शिवाय रीतही शिकायचं: हा माणूस कुठं रेंगाळतो, कुठं चढतो, कुठं थांबतो. थरथर पुसट असली तर रीत मदतीला यायची.

बुवांची तीनशे बारा कीर्तनं मुद्रित होती. ती स्वच्छ करून पट्टीच्या कंपनीकडे पाठवली होती मंजिरीनंच, आणि पट्टी येऊन आता तीन महिने झाले होते.

चहाचे दोन कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा बुवांनी टेबलावरचा कागद तिच्यापुढं सारला. कंपनीचं पत्र. गुरुवारी सकाळी अकरा वाजता परीक्षक बाई पडद्यावरून तपासणी करणार. बुवांच्या वाक्यांपैकी जेमतेम नऊ टक्के पुरी होतात. अर्थात मज्जातंतू थकले आहेत. तेव्हा गुरुवारपासून पट्टी कायमची 'पूर्ती'वर टाकण्यात येईल.

पूर्ती म्हणजे वाक्याचा शेवट यंत्रानं आपल्या अंदाजानं बोलायचा. गेल्या महिन्यात आठवडाभर ती चालू करून पाहिली होती. त्याच आठवड्यात हार्मोनियमवाले बशीरभाई गेले. बुवांच्या पेटीचे सूर तीस वर्षं त्यांनीच लावलेले. बुवा त्यांच्या घरी बसायला गेले. बशीरभाईंच्या बायकोपुढं, हमीदाआपांपुढं, हात जोडून त्यांना म्हणायचं होतं, 'तुमच्या दुःखात मी काय बोलू, आपा.' 'तुमच्या दुःखात' एवढं त्यांचं झालं, आणि पट्टीनं पुढचं खणखणीत आवाजात पुरं करून टाकलं: 'आम्ही सर्व सहभागी आहोत.' वर्तमानपत्रातल्या चौकटीतलं वाक्य! हमीदाआपांनी मान खाली घातली. बुवा चपला न घालताच जिना उतरले.

"गुरुवारी त्यांनी ते बटण दाबलं, तर मी ही पट्टी काढून..." पाटी. 'ठेवीन.'

"आणि मग बोलणार कसं?"

बुवांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि नुसतीच दाखवली. कोरी.

मंजिरीनं कपाळ चोळलं. "बुवा, मी तुमच्या बाजूनंच आहे. पण त्यांच्या आकड्यांना उत्तर काय देऊ? शेवटच्या शब्दाला जोर पुरत नाही म्हणतात."

"जोर येतो. मला इथं," बुवांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली, "प्रत्येक शब्दाला..." पाटी. 'कळतो.'

"मग ते डबीत उमटलेलं असेल. कंपनी नुसती टक्केवारी कळवते. पण डबीच्या पोटात सगळी नोंद असते, कुठली थरथर आली आणि तिचं काय केलं त्याची. कायद्यानं ती तुम्हाला बघता येते. मी तार जोडून बघू?"

कमरेची डबी सोडून बुवांनी तिच्या हातात दिली.

मंजिरीचा लॅपटॉप जुना, लिनक्सवर चालणारा. तिनं डबीत यूएसबी डिबगिंग चालू केलं, म्हणजे तारेतून आतलं अ‍ॅप तपासायची वाट, आणि तार जोडली. तार लावली की सुरक्षेसाठी पट्टी मुकी होई. म्हणून आता बुवांना पाटीच होती. पडद्यावर एक ओळ उमटली: उपकरण दिसतं आहे, पण परवानगी नाही.

"झालं!" ती पुटपुटली. "दाराशीच अडवलं."

बुवांनी लिहिलं, 'कोणी?'

"माझ्याच यंत्रानं. कसं आहे बुवा, लिनक्सचा स्वभाव जुन्या देवळातल्या पुजाऱ्यासारखा. सभामंडपात कुणीही या, उभे राहा, लांबून दर्शन घ्या. पण मूर्तीला हात लावायचा तर तुमचं नाव यादीत पाहिजे. तार जोडली की वस्तू आपला नंबर सांगते, मी अमक्या कारखान्याची म्हणून. पुजारी यादी बघतो. त्या नंबरापुढं 'मंजिरीला हात लावू द्यावा' असं लिहिलेलं नसलं, तर मला लांबूनच नमस्कार."

'मग लिही,' बुवांनी लिहिलं.

तिनं लिहिलं. डबीच्या पाठीवर कंपनीचं नाव होतं, तिचा नंबर शोधून नियम घातला. परवानगी नाही. पुन्हा तपासलं, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. परवानगी नाही. खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं, चहाचे कप वाळले, आणि मंजिरीचं डोकं ठणकायला लागलं. शेवटी तिनं सगळे करतात तेच केलं. यंत्राचा सर्वाधिकारी असतो, ज्याला कुठलंच दार बंद नाही. त्याचा पासवर्ड घालून त्याच्या नावानं आत शिरली.

लगेच डबीचा छोटा पडदा उजळला. या संगणकाला आत येऊ द्यायचं का? खाली नाव: सर्वाधिकारी. आणि दोन चौकोन, हो आणि नाही.

"दाबा बुवा, हो म्हणा."

बुवांनी चष्मा वर करून वाचलं. मग पाटी घेतली. 'हा कोण?'

"मीच हो ती."

'इथे तुझे नाव नाही.'

"तांत्रिक बाब आहे बुवा. माझ्या नावानं उघडेना, म्हणून मालकाच्या नावानं आले. आत शिरल्यावर सारखंच."

बुवांनी पाटी पुसली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या. 'दवाखान्यात असेच विचारायचे. मी हो हो म्हणत गेलो. त्यातल्याच एका होकारातून पूर्ती आली. आता ज्याला ओळखत नाही त्याला हो नाही. तू तुझ्या नावाने ये.'

आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

"अहो, गुरुवार तीन दिवसांवर आलाय!" मंजिरीचा आवाज चढला. "दिवसभर उभी आहे मी, पाय सुजलेत माझे, आणि तुम्हाला नाव सुचतंय? नावात काय ठेवलंय?"

बुवा हसले. आवाज न येणारं, खांदे हलवणारं हसू. त्यांनी लिहिलं, 'तुझा बाप असता तर म्हणाला असता.'

"काय म्हणाला असता?"

बुवांनी लिहिलं, 'नामातच सगळं आहे.' मंजिरीनं तार गुंडाळली आणि जिना उतरून घरी गेली. चिडली होती ती. पण खरं सांगायचं तर आप्पांचं नाव निघालं म्हणून जास्त.

तिचे आप्पा, यशवंत गुरव, बुवांचे झीलकरी. आता पोरासोरांना हा शब्द ठाऊक नसेल. कीर्तनात बुवा पुढं उभे, आणि त्यांच्या मागं, डाव्या खांद्याशी, झीलकरी. बुवांनी पदाची ओळ उचलायची आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे सोडून द्यायची. झीलकऱ्यानं तो शब्द झेलायचा, वर चढवायचा, आणि बुवांचा श्वास भरेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. निरूपणातही तीच तऱ्हा. बुवा म्हणायचे, "भक्तानं हाक मारली, आणि देव..." की मागून आप्पा, "धावला!" गादी बुवांची, हार बुवांना, पत्रिकेवर नाव बुवांचं. आप्पांचं नाव एकतीस वर्षांत कुठं छापून आलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून मंजिरीनं त्यांचा आवाज ऐकला नव्हता. घरात टेपा होत्या, ऐकायची हिंमत नव्हती.

मंगळवारी तिची सुट्टी. सकाळी आंघोळ उरकून, देवाला फूल वाहून ती पुन्हा ते तीन जिने चढली. रात्रीची झोप झाली होती, पण थकवा झोपेनं जाणारा नव्हता.

"काल तोंड सुटलं माझं," ती म्हणाली.

"तोंड आहे म्हणून..." बुवांचा आवाज थांबला. पाटी. 'सुटलं.' आणि त्यांनी आपल्या गळ्याकडे बोट केलं. मंजिरीला हसू आलं.

ती बसली, आणि काल घाईत जे केलं नाही ते केलं. यंत्राला जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली, आधी डबी न लावता, मग लावून. दोन याद्या शेजारी ठेवल्या. दुसरीत एक ओळ जास्त होती. तिच्यात चार अक्षरांचा नंबर होता, आणि तो पाठीवर नाव असलेल्या कंपनीचा नव्हताच. कुठल्या लांबच्या गावातल्या, कधी न ऐकलेल्या कारखान्याचा होता. डबी त्यांनी घडवलेली. कंपनीनं वर आपलं नाव चिकटवलं होतं.

"बघा," तिनं पडदा बुवांकडे वळवला. "नाव एकाचं, आतला कारागीर भलताच. मी काल पाठीवरच्या नावाला विचारत बसले. पुजारी म्हणत होता, या नावाचं कुणी आलेलंच नाही."

तिनं खरा नंबर लिहिला, पुढं आपलं नाव घातलं, यंत्राला नियम पुन्हा वाचायला लावले. परवानगी नाही.

ती खुर्चीत मागं रेलली. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. बुवांनी थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ डबीकडे पाहिलं. मग पुढं वाकले, तार उपटली, पाटीवर लिहिलं, 'आल्या पाहुण्याला कोण पुन्हा विचारतं? उठवून परत आण,' आणि तार परत खोचली.

डबीचा पडदा उजळला.

बुवांना लिनक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खरंच तसंच असतं: पुजारी नियम बघतो ते वस्तू दारातून आत येताना. आधीच आत येऊन बसलेलीला तो नवा नियम लावत नाही. मंजिरीला हे ठाऊक होतं, दवाखान्यातल्या नव्या पोरांना शिकवायचीसुद्धा. दमलेल्या डोक्याला आठवलं नव्हतं एवढंच.

या संगणकाला आत येऊ द्यायचं का? खाली नाव: मंजिरी यशवंत गुरव.

बुवांनी ते पूर्ण वाचलं, ओठ हलवत. आणि 'हो' दाबलं.

नोंदी धबधब्यासारख्या उतरल्या. तीन महिन्यांचं बोलणं. मंजिरीनं कालचीच वाक्यं काढली. 'आज फार उशीर' आणि त्यापुढं 'झाला'. 'झाला'ची थरथर होती! शेवटचा शब्द कुणाचाही मंदच पडतो, तशी जराशी मंद, पण स्पष्ट. आणि तिच्यापुढं यंत्रानं लिहिलं होतं: रीतीनुसार इथं मौन. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

"बुवा, तुमचे मज्जातंतू ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "शब्द आलाय. यंत्रानंच गिळलाय. म्हणतंय, हा माणूस इथं गप्पच बसतो."

'मी? गप्प?' बुवांनी लिहिलं. 'चाळीस वर्षे बडबडलो.'

"कुठून शिकलं ते बघते." प्रत्येक रीतीपुढं ती कुठल्या मुद्रणातून, कितव्या मिनिटाला शिकली तेही लिहिलेलं होतं. तिनं एक उचललं, औंधचं कीर्तन, बाविसावं मिनिट. कंपनीला पाठवलेली स्वच्छ प्रत लावली. बुवांचा तरणा, भरदार आवाज खोलीत घुमला. त्यांचंच रचलेलं पद:

वाट चालतो मी पुढती, मागून येतो...

आणि शांतता. चार सेकंद, पाच, सहा. पुढची ओळ. पुन्हा शेवटच्या शब्दाला शांतता. दुसरं मुद्रण लावलं, तिसरं लावलं. ओळीच्या शेवटी चिरून काढल्यासारखी शांतता.

मंजिरीनं मूळ प्रत शोधली, न स्वच्छ केलेली. तेच औंध, तेच बाविसावं मिनिट. बोट बटणावर ठेवून ती थांबली. मग दाबलं.

वाट चालतो मी पुढती, मागून येतो...

आणि मागून, अगदी हळू, ध्वनिक्षेपकाला जेमतेम ऐकू जाईल असं कुजबुजणं: "घ्या बुवा, श्वास." आणि मग तो आवाज उठला. थोडा खरखरीत, तंबाखूनं जाड झालेला, पण सरळ, दिव्याच्या वातीसारखा.

...उजेड गा!

सहा सेकंद धरलेला.

मंजिरीनं ते थांबवलं नाही. ओळीमागून ओळ जाऊ दिली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचे आप्पा येत राहिले. मग ती खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसली.

"मी काढलं त्यांना," ती म्हणाली. "कंपनीच्या अर्जात लिहिलं होतं, मुख्य आवाज ठेवून इतर सर्व आवाज काढून टाका. सॉफ्टवेअरनं दोन रांगा करून दिल्या, मुख्य आणि इतर. मी ऐकलंच नाही बुवा. तीनशे बारा वेळा 'काढा' दाबलं. ऐकलं असतं तर त्यांचा आवाज कानी पडला असता ना, म्हणून आवाज बंद करून दाबत गेले. जिथं जिथं आप्पा होते तिथं भोकं पडली. आणि यंत्राला वाटलं तुम्हीच तिथं गप्प बसता. तुमचं घरातलं बोलणं कुणी कधी टेपवर घेतलं नव्हतं, मग चहा-दुधाच्या बोलण्यालाही त्यानं तीच रीत लावली." तिनं लॅपटॉपकडे बोट केलं. "गोंगाट म्हणून काढलं मी माझ्या बापाला."

बुवांनी तार अलगद काढली, पट्टी जागी झाली.

"मंजे," त्यांच्या आवाजात ते बोलले, "तीन महिने मी यंत्राला शिव्या देतोय, की माझा शब्द कुणी..." ते थांबले. पाटी घेतली नाही. तिच्याकडे बघत राहिले, भुवया वर करून.

मंजिरी गोंधळली. त्यांचा शब्द दुसऱ्या कुणी बोलायचा नाही, असा या घरचा नियम.

बुवांनी मान हलवली. घे, म्हणून.

"...चोरला," ती म्हणाली.

बुवांनी डोळे मिटले. मग खडू घेऊन पाटीवर एवढंच लिहिलं, 'यशवंता जागा सोडून गेला नव्हता.'

दुपारी जेवण विसरून ती अर्जाला बसली. तोच अर्ज, आता ओळ न् ओळ वाचत. खाली, बारीक अक्षरांत, एक सोय होती: दुसरा आवाज ठेवायचा असल्यास नाव व नातं द्या. नात्याच्या यादीत निवेदक होता, पाहुणा होता, श्रोता होता, झीलकरी नव्हता. तिनं 'इतर' निवडलं आणि शेजारच्या चौकटीत हातानं टाइप केलं: यशवंत गुरव, झीलकरी. शेवटचा शब्द हा म्हणतो. तीनशे बारा मूळ कीर्तनं पुन्हा चढवली, आणि सोबत त्या डबीतल्या नोंदी. यंत्राला पुन्हा शिकायला एक दिवस लागणार होता.

पण एवढ्यावर सुटका नव्हती. बुधवारी अकरा गळे बघताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. यंत्र शिकलं नाही तर? अर्ज कुणी उघडलाच नाही तर? संध्याकाळी बुवांच्या डबीत नवी रीत उतरल्याचा संदेश आला, तरी बुवा बोलेनात. 'उद्याच बोलेन,' त्यांनी लिहिलं. 'आज बिघडलं तर झोप जाईल.'

गुरुवारी अकराला परीक्षक बाई पडद्यावर आल्या. सुस्वभावी होत्या, बिचाऱ्या त्याही दमलेल्याच.

"आजोबा, तुमच्या मनाचं काहीही बोला. दहा वाक्यं."

बुवांनी पाटी खाली ठेवली. मंजिरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"बाई, तुम्ही सकाळपासून कितीजणांना दहा वाक्यं बोलायला लावलीत?"

लावलीत! मंजिरीनं चौकट घट्ट धरली.

"तुम्ही माझ्या नातीच्या वयाच्या. पाणी पिऊन घ्या आधी. माझ्या गळ्याला काही झालेलं नाही. माझ्यामागं एक माणूस उभा असायचा, त्याला तुमच्या अर्जात जागा नव्हती." आणि असं करत दहाची चौदा वाक्यं झाली, सगळी पुरी. पडद्यावरची बाई खरंच पाणी प्यायली. पूर्तीची गरज नाही, असं लिहून तिनं तपासणी बंद केली.

बुवा उठले, आणि या वेळी आठवणीनं चपला घालून, बशीरभाईंच्या घरी गेले. हमीदाआपा दारात आल्या. बुवांनी हात जोडले. "तुमच्या दुःखात मी काय बोलू, आपा." एवढंच. आपांनी तोंडाला पदर लावला, आणि दोघं पायरीवर बसून राहिली, काही न बोलता.

पुढच्या एकादशीला, दिवस मावळायच्या आत, वसाहतीतल्या गणपतीपुढं बुवांचं कीर्तन होतं. दोन वर्षांनी पहिलं. माणसं पन्नास-साठ, बहुतेक पांढऱ्या केसांची. मंजिरी दवाखान्यातून थेट आली होती. तिसऱ्या ओळीत, खांबाला टेकून. डबी दिसेल अशी बसली होती, काही बिघडलं तर उठता यावं म्हणून. डबीवर एक हिरवा ठिपका होता. गळ्यात थरथर आली की तो उजळायचा.

निरूपण झालं, नामघोष झाला. बुवांनी चिपळ्या उचलल्या.

वाट चालतो मी पुढती, मागून येतो...

आणि थांबले.

यंत्र पुन्हा गिळतंय! मंजिरी अर्धवट उठली, तिची नजर डबीकडे गेली. ठिपका विझलेला होता. गळ्यात थरथर नव्हतीच. यंत्रानं काही गिळलं नव्हतं. बुवांनीच सोडलं होतं, आपणहून, डावा खांदा किंचित मागं करून, एकतीस वर्षं करत होते तसं.

एक सेकंद गेला. दोन. कुणी हललं नाही.

मंजिरीला गाता येत नव्हतं. आप्पा म्हणायचे, पोरीच्या गळ्यात सूर आहे पण भीती वर बसलीय. दिवसभराच्या थकव्यानं तिला भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"...उजेड गा!"

आवाज फाटका निघाला. पण दुसऱ्या ओळीतली एक म्हातारी वळली, तिला ती चढण आठवत होती, तिनंही धरलं. मग तिच्या शेजारची. मग मागं कोपऱ्यातून कुणीतरी. सहा सेकंद धरायचं असतं, ते त्यांनी सहा धरलं. बुवांनी पुढं बघत, सावकाश, पोटभर श्वास घेतला.

माझी गोष्ट संपली, मंडळी. आता उठाल, चपला शोधाल, घरी जाल. एक मागतो. उद्या तुमच्यापुढंही एखादा अर्ज येईल, 'इतर आवाज काढून टाका' म्हणणारा. तेव्हा बटणावर बोट ठेवण्याआधी एकदा कान देऊन ऐका. आणि मागं उभा राहून दुसऱ्याला श्वास घ्यायला लावणाऱ्या यशवंत गुरव नावाच्या झीलकऱ्याची आठवण काढा.